पैसे ‘सुरू’ झाल्यावर की ‘पूर्ण’ झाल्यावर? कोथरूडच्या एका फ्लॅटचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या कामाचं आहे. क्लायंट आणि कंत्राटदार, दोघांनाही विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, रकमा थोड्या फिरवल्यात, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलंय. कंत्राटदाराशी बिनसलं की आम्ही इंटिरिअरवाले एकमेकांना फोन करून सांगतो, “माणूस बरोबर निघाला नाही गं.” तेव्हा मीही दोन मैत्रिणींना हेच सांगितलं होतं. नंतर सगळे कागद आणि मेसेज तारखेप्रमाणे लावून पाहिले, तेव्हा बिघाडाची सुरुवात मी स्वतः टाइप केलेल्या एका तक्त्यात सापडली.

पार्श्वभूमी

कोथरूडमधली पंचवीसेक वर्षं जुनी इमारत, तिसरा मजला, टू बीएचके, 780 चौरस फूट कार्पेट. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी शाळेत, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा. घर रिकामं करून ही मंडळी जवळच महिना 28,000 भाड्याने राहायला गेली. काम होतं ते असं: दोन्ही बाथरूम फोडून नव्याने करायची, सगळं वायरिंग बदलायचं, नवं स्वयंपाकघर, दोन बेडरूममधली कपाटं, हॉलला थोडं फॉल्स सीलिंग आणि शेवटी रंग. अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात सुरुवात करून 90 दिवसांत संपवायचं आणि गणपती स्वतःच्या घरात बसवायचा, असं ठरलं होतं.

कंत्राटदार मूळचे सातारकडचे, पुण्यात पंधराएक वर्षं. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. ते मला मॅडम म्हणतात. आधी दोन छोटी कामं आम्ही एकत्र केली होती, दोन्ही फक्त मजुरीवर. त्यांचा प्लंबर आणि फरशीवाला मी पाहिलेल्या उत्तम कारागिरांपैकी. मात्र मटेरियलसकट इतकं मोठं काम त्यांना मी पहिल्यांदाच देत होते: 14 लाख 60 हजार रुपयांचं. तीन कोटेशन आली होती. सर्वांत स्वस्त होता त्याला दाखवायला चालू साइट नव्हती, सर्वांत महाग होता त्याला जुलैच्या आधी जमणार नव्हतं. दादा मधले. घाईत ठरवलं, तरी निवड चुकली असं मी आजही म्हणणार नाही.

करार क्लायंट आणि दादा यांच्यात झाला, मसुदा माझा. पैसे देण्याचा तक्ता मी नेहमीचाच घातला: सही झाल्यावर 30 टक्के, सिव्हिल काम (तोडफोड, प्लंबिंग, फरशी) सुरू झाल्यावर 20, सुतारकाम सुरू झाल्यावर 20, रंगकाम सुरू झाल्यावर 20, ताबा देताना 10. हा तक्ता वर्षानुवर्षं माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून होता आणि त्यातला ‘सुरू’ हा शब्द मी कधी नीट वाचलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट राहिली होती. सोसायटीत तोडफोडीची आणि आवाजाची कामं सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 4 ते 6 एवढ्याच वेळात करता येत होती, रविवार बंद. म्हणजे आवाजाचं काम दिवसाला जेमतेम पाच तास. 90 दिवसांचं वेळापत्रक मी आखलं ते आठ तासांचा दिवस धरून.

अडचण कशी साठत गेली

पहिला महिना सुरळीत गेला. तोडफोड झाली, राडारोडा वेळच्या वेळी उचलला गेला. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून 48 तास पाणी भरून ठेवलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला साधा ओलावाही आला नाही. आजोबांसाठी बाथरूमचा उंबरा काढून उतार आतल्या आत ट्रॅपकडे घ्यायचा होता. फरशीवाल्याने तो इतका सफाईने घेतला की टाइलवर पाण्याचा मग रिकामा केला की पाणी सरळ जाळीकडे पळायचं. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुढचा निर्णय घेताना ती फार मोलाची ठरली.

दरम्यान तीन गोष्टी चालू होत्या आणि त्यांतली एकही मी एका कागदावर आणली नाही.

एक म्हणजे वाढीव कामं. वहिनी, म्हणजे क्लायंटच्या पत्नी, संध्याकाळी ऑफिसमधून येताना साइटवर डोकावायच्या. “दादा, ओट्यावर माळा होईल का?” “होऊन जाईल ताई.” “दाराशी चपलांचं कपाट?” “करू ना.” इंडक्शनसाठी वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट, आजोबांच्या खोलीत जास्तीचे प्लग, बाथरूममध्ये आधाराचे दांडे. दर कोणी विचारला नाही, दादांनीही सांगितला नाही. वहिनींना वाटलं एवढ्या मोठ्या कामात हे बसून जाईल. दादा मात्र मनात हिशोब ठेवत होते. यातलं अर्धंअधिक मला नंतर कळलं.

दुसरं, पैसे. 38व्या दिवशी मी नाशिकच्या एका साइटवर होते. क्लायंटचा फोन आला: “सुतार आलेत, मशीन लावलंय, दादा पुढचा हप्ता मागतायत. देऊ?” मी म्हणाले, “हो, द्या.” सुतारकाम ‘सुरू’ झालं होतं, करारात तसंच लिहिलेलं होतं. त्या दिवशी साइटवर एक टेबल कटर आणि प्लायच्या चारच शीट होत्या. दादांकडे मात्र 70 टक्के रक्कम पोचली: 10 लाख 22 हजार.

तिसरं प्लायचं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांना आयएस 710 या भारतीय मानकाची मरीन प्लाय करारात लिहिली होती. सिंकखाली पाणी झिरपतंच, म्हणून तिथे मी तडजोड करत नाही. या प्लायचे तुकडे 72 तास उकळत्या पाण्यात ठेवले तरी थर सुटू नयेत, अशी तिची कसोटी असते. 50व्या दिवशी साइटवर गेले तेव्हा सिंकखालचा बॉक्स जोडून झाला होता. कडेला हात फिरवला, गोंदाची रेघ फिकट दिसली. मरीन प्लायमध्ये ती साधारण काळपट-तांबूस असते. पण रंग टाकूनही ती गडद करता येते, म्हणून नुसत्या रेघेवर मी कधी भरवसा ठेवत नाही. भिंतीला टेकवलेल्या शीट एकेक पुढे ओढल्या आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये शिक्का पाहिला. आयएस 303, म्हणजे मरीन नव्हे, साधी प्लाय. सगळ्या चौदा शीटवर तेच. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर परवान्याचा नंबर टाकला, तर परवाना खरा होता. म्हणजे माल बनावट नव्हता, जो ठरला होता तो नव्हता.

मिस्त्री म्हणाला, “मॅडम, सेठ ने जो भेजा वो लगाया.” त्याचं बरोबरच होतं.

नेमके त्याच वेळी क्लायंट आणि दादा दोघंही वर आले. मी दादांना सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, दुकानातून चुकून आली असेल. माझा पारा चढला. “चौदा शीट चुकून येत नाहीत दादा, ही सरळ चोरी आहे,” हे माझे शब्द. तीन सुतार, एक हेल्पर, इलेक्ट्रिशियन आणि क्लायंट, इतक्या लोकांसमोर. दादा काही न बोलता जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवसापासून साइट बंद. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. असे नऊ दिवस गेले.

चौरस फुटाला 35 रुपयांचा फरक धरला तर चौदा शीटचे 15,680 रुपये होतात. एवढ्या रकमेवरून साडेचौदा लाखांचं काम बंद पडलं होतं.

क्लायंटचा प्रश्न

तिसऱ्या दिवशी क्लायंटने मला भेटायला बोलावलं. शांत स्वभावाचे गृहस्थ. चहा झाल्यावर म्हणाले, “एक विचारू? राग मानू नका. दादांकडून तुमचं काही कमिशन असतं का?”

मी कंत्राटदाराकडून किंवा दुकानदाराकडून कमिशन घेत नाही. या धंद्यात ते घेणारे आहेत, हे क्लायंटना ठाऊक असतं. मला वाईट वाटलं, पण त्या प्रश्नाला जागा मीच ठेवली होती. मी कोणाकडून किती पैसे घेते आणि कोणाकडून घेत नाही, हे माझ्या करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. 38व्या दिवशी फोनवरून “हो, द्या” म्हणणारी मीच होते. त्यांच्या बाजूने पाहिलं तर शंका येणं साहजिक होतं. मी स्पष्ट नाही म्हणाले आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहूनही पाठवलं. आमच्यातलं बोलणं मोकळं झालं ते तिथून.

समोर असलेले पर्याय

पुढच्या दोन दिवसांत आम्ही तिघांनी (वहिनीही होत्या) वही घेऊन पर्याय मांडले.

क्लायंटच्या मनात सर्वांत वर होतं दादांना काढून नवा माणूस आणणं. मी दोन कंत्राटदारांना साइट दाखवली. एकाने सरळ नकार दिला, दुसऱ्यांच्या अर्धवट कामाला हात लावत नाही म्हणाला. दुसऱ्याने उरलेल्या कामाचे मूळ दरापेक्षा बरेच जास्त पैसे सांगितले, शिवाय बाथरूमची आणि वायरिंगची जबाबदारी घेणार नाही हेही सांगितलं. ते रास्तच होतं, भिंतीच्या आत काय आहे हे त्याने पाहिलेलंच नव्हतं. दादांकडे जास्तीचे गेलेले पैसे परत मिळवायचे तर वकील, नोटीस, तारखा. गणपती दोन महिन्यांवर.

दुसरा पर्याय करारातल्या दंडाचा. उशिराबद्दल दिवसाला 1,500 रुपये कापायचं कलम होतं. पण दंड कापायला कंत्राटदाराचे पैसे आपल्याकडे असावे लागतात, इथे आमचेच पैसे त्यांच्याकडे होते. शिवाय करारात आकडा लिहिला म्हणजे तेवढा आपोआप मिळतो असं नसतं. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे त्या आकड्याच्या मर्यादेत जी वाजवी भरपाई ठरेल तीच मिळते. वर दादा वाढीव कामांचं बिल पुढे करणार, आणि उशीर त्यांच्यामुळे झाला की वाढीव कामांमुळे, यावर वाद रंगणार. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत खोडला.

तिसरा, प्लाय आहे तशी चालवून घ्यायची आणि विषय मिटवायचा. वहिनी एका क्षणी याला तयार होत्या, इतक्या थकल्या होत्या. मी नाही म्हणाले. सिंकखालचा बॉक्स चार-पाच पावसाळ्यांत फुगला असता आणि तेव्हा घरी त्याला तोंड त्यांनाच द्यावं लागलं असतं.

चौथा पर्याय असा: दादांना ठेवायचं, पण मटेरियलची खरेदी त्यांच्या हातातून काढून घ्यायची. ते फक्त मजुरीवर काम करतील, माल क्लायंट थेट दुकानातून घेतील, रंग आणि ग्रॅनाइट वेगळ्या माणसांना द्यायचं. त्याआधी झालेल्या कामाचं सगळ्यांनी मिळून मोजमाप करायचं. दादांचे कारागीर चांगले आहेत हे 48 तास पाणी धरलेल्या बाथरूमने दाखवलंच होतं. अडलं होतं ते पैशाच्या आणि मालाच्या वाटेवर, म्हणून बदल तिथेच करायचा.

आम्ही चौथा निवडला. दादा फोन उचलत नव्हते, तो प्रश्न अजून बाकी होता.

टपरीवर

दादांचं गोडाऊन वारज्याला आहे आणि सकाळी साडेआठच्या सुमाराला ते समोरच्या टपरीवर पोरांना कामं वाटतात, हे मला माहीत होतं. नवव्या दिवशी मी तिथे गेले. एकटीच. क्लायंटना न्यायचं नाही, हे ठरवूनच.

पोरं पांगेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, “दादा, प्लायबद्दल माझं म्हणणं तेच आहे. पण तुमच्या माणसांसमोर मी जो शब्द वापरला तो चुकीचा होता.” ते बराच वेळ ग्लासकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, त्या पोरांना मी गावाहून आणलंय. शनिवारी पगार देतो तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघतात. तुम्ही त्यांच्यासमोर मला चोर म्हणालात.”

यानंतर खरं काय झालं ते बाहेर आलं. बाणेरच्या एका कामावर क्लायंटने त्यांचे तीन लाख अडकवले होते. ते काम ओढायला दादांनी आमच्या हप्त्यातले पैसे तिकडे फिरवले. प्लायच्या दुकानदाराची आधीची उधारी थकली होती, त्याने उधार बंद केली. हातात होती तेवढ्या रोख रकमेत जो माल आला तो त्यांनी पाठवला. “कपाटात बसल्यावर कोण बघतं, असं वाटलं,” हेही त्यांनी कबूल केलं. ते वाक्य ऐकायला सोपं नव्हतं, पण त्यांनी ते लपवलं नाही, याची मी नोंद घेतली.

याची टोपी त्याच्या डोक्यावर, असंच बरेच छोटे कंत्राटदार जगतात. भांडवल नसतं, एका साइटचा हप्ता दुसरीकडे मजुरीला जातो आणि तिसरीकडच्या पैशातून पहिलीचं काम पुढे सरकतं. एकीकडे पैसे अडकले की सगळी माळ ओघळते. आमच्या ‘सुरू झाल्यावर’च्या तक्त्याने त्यांना काम न करताच हातात रोकड दिली होती. ती तिथेच राहील असं धरून चालणं ही चूक माझी होती.

मी चौथा पर्याय समजावला. मटेरियल जाणार हे ऐकून त्यांचा चेहरा पडला, कारण मटेरियलवरचा मार्जिन म्हणजे त्यांची कमाई. मी सांगितलं, मजुरीच्या दरात तुमचा मार्जिन आहे, तो कोणी कापणार नाही. “आणि मोजमाप?” त्यांनी विचारलं. “तुमच्यासमोर. टेप तुमचा मिस्त्री धरेल.”

मोजमाप

रविवारी आवाजाची कामं बंद असली तरी मोजायला कोणाची हरकत नसते. सकाळी दहाला बसलो, अडीच वाजता उठलो. मिस्त्री टेप धरायचा, दादा आकडा मोठ्याने म्हणायचे, मी वहीत लिहायचे, क्लायंट दुसऱ्या वहीत. प्रत्येक पानाच्या शेवटी तिघांच्या सह्या. साइटवर पडलेला मालही धरला.

करारातलं झालेलं काम आणि साइटवरचा माल मिळून 7 लाख 35 हजारांचा निघाला. वाढीव कामांचे दादांनी 82,000 सांगितले. एकेक काम बघून, करारातल्या जवळच्या दराशी ताडून ते 61,000 वर आले. माळ्याचे दर मला जास्त वाटले होते, पण मी त्यात दारं धरली नव्हती हे मिस्त्रीनेच दाखवून दिलं आणि तिथे मी मागे हटले. वहिनींनी आकडे ऐकून एवढंच म्हटलं, “मला तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर चपलांचं कपाट मी घेतलंच नसतं.”

म्हणजे देणं 7 लाख 96 हजार, दिलेले 10 लाख 22 हजार. दादांकडे 2 लाख 26 हजार जास्तीचे. वही उघडीच होती, कोणालाच आवाज चढवावा लागला नाही.

उरलेलं काम 7 लाख 25 हजारांचं होतं. त्यातलं 1 लाख 60 हजारांचं रंगकाम आणि ग्रॅनाइट बाहेर काढलं, अडीच लाखांचं मटेरियल क्लायंट घेणार, आणि 3 लाख 15 हजारांची मजुरी दादांची.

प्लायचा तोडगा ड्रॉइंगमध्येच होता. बेडरूमच्या कोरड्या कपाटांना करारात आयएस 303 चीच प्लाय होती आणि ती अजून यायची होती. स्वयंपाकघरासाठी आलेल्या शीट तिकडे वळवल्या. कापून जोडलेल्या सिंकच्या बॉक्सच्या दोन शीट दादांच्या खात्यावर. त्या दिवशी डोकं थंड असतं तर हा मार्ग मला साइटवर उभ्या उभ्या दिसला असता. कटिंग लिस्ट पर्समध्येच होती.

शनिवारचा हिशोब

आता सर्वांत अवघड निर्णय. जास्तीचे 2 लाख 26 हजार मजुरीतून सरळ वळते करायचे म्हटले तर सहा आठवडे दादांना एक रुपयाही द्यायचा नव्हता. क्लायंटचं म्हणणं तेच होतं आणि कागदावर ते अगदी बरोबर होतं. पण मग शनिवारी पोरांना पगार कशाचा? पुन्हा दुसऱ्या साइटवरून ओढायचा? साइट पुन्हा बंद पडली असती.

मग आम्ही मजुरांचा हिशोब मांडला. दोन मिस्त्री 1,200 रोजाने, एक हेल्पर 800 ने: दिवसाचे 3,200, सहा दिवसांचे 19,200. ठरलं असं: दर शनिवारी झालेलं काम मोजायचं, साधारण 35,000 चं काम धरलं तर 20,000 हातात द्यायचे, 15,000 जुन्या येण्यात वळते करायचे. मजुरांचा पगार निघतो, कर्ज हळूहळू उतरतं. क्लायंटना हे पटायला एक पूर्ण दिवस गेला. त्यांचे पैसे अडकलेले असताना आणखी पैसे द्यायचे होते, त्यामुळे तो दिवस मी त्यांच्यावर दबाव टाकला नाही.

सोबत तीन गोष्टी लिहून घेतल्या. वहिनींना काही हवं असेल तर ते आधी मला, मग दर लिहून तिघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, क्लायंटच्या ‘मंजूर’नंतरच काम. साइटवर येणाऱ्या मालाचा शिक्का आणि बिल यांचा फोटो त्याच ग्रुपवर. आणि काही चुकलं असेल तर मी दादांशी बाजूला बोलेन, मिस्त्रीसमोर नाही. शेवटचं दादांनीच घालायला सांगितलं.

कामाचा क्रमही बदलला. सगळं घर एकदम पुढे न्यायचा हट्ट सोडला, आधी हॉल आणि स्वयंपाकघर पूर्ण करायचं, बेडरूम मागून.

निष्पत्ती

काम असे नऊ शनिवार चाललं. मधे राखीपौर्णिमेला सुतार राजस्थानला गावी गेले तो एक आठवडा कोरडा गेला. हे कारागीर दर वर्षी जातात, तरी मी ते वेळापत्रकात धरलं नव्हतं. गणपती हॉलमध्ये बसले. स्वयंपाकघरात मोदक झाले, बेडरूमला मात्र अजून रंगाचा वास होता आणि आजोबा दोन दिवस दिवाणखान्यातच झोपले. 131व्या दिवशी काम पूर्ण झालं, 41 दिवस उशिराने. भाड्याचे दोन महिने वाढले, 56,000 रुपये.

नऊ आठवड्यांत 1 लाख 35 हजार वळते झाले. बाणेरचे थोडे पैसे सुटल्यावर दादांनी 50,000 आणून दिले, कोणी आठवण न करता. 41,000 राहिले ते राहिलेच. क्लायंटनी शेवटी ते सोडले. दिवसाच्या दंडाचा विषय कोणी काढला नाही. 38व्या दिवसाचा होकार माझा होता, म्हणून माझ्या शेवटच्या फीमधले 20,000 मी घेतले नाहीत. क्लायंट नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

नवं मरीन प्लायचं स्वयंपाकघर दादांच्याच मिस्त्रीने केलं आणि उत्तम केलं. सिंकखालच्या बॉक्सच्या आतल्या बाजूला, लॅमिनेट चिकटवायच्या आधी, त्याने शिक्क्याचा भाग मुद्दाम पुढच्या कडेला येईल असा कापला आणि मला बोलावून दाखवला.

वेगळं काय करता आलं असतं

तक्ता आधी. आता माझ्या करारात ‘सुरू’ हा शब्द नाही. उचल 10 टक्के, पुढचं सगळं मोजलेल्या कामावर पंधरवड्याच्या बिलाने, आणि प्रत्येक बिलातून 5 टक्के मागे, ते ताब्यानंतर तीन महिन्यांनी. यावर काही कंत्राटदार तक्रार करतात की इतक्या कमी उचलीत माल कसा आणायचा. त्यांचं खरं आहे. म्हणून मोठ्या मालाचं बिल दुकानाच्या नावाने थेट क्लायंट देतात, मार्जिन मात्र कंत्राटदाराला कबूल केलेला राहतो.

मालाची तपासणी तो भिंतीला टेकवल्यावर करण्यात अर्थ नाही. टेम्पो खाली उभा असतानाच शिक्का बघायचा. 50व्या दिवसाचा प्रसंग 40व्या दिवशी दहा मिनिटांत मिटला असता.

माझा अधिकार किती, हेही मी नीट लिहायला हवं होतं. आर्किटेक्टना 1972 च्या कायद्याने नोंदणी आहे, इंटिरिअर डिझायनरसाठी तसा वेगळा कायदा नाही. साइटवर माझ्या शब्दाला वजन येतं ते करारात बिल मंजूर करणारी म्हणून माझं नाव असेल तरच. दादांच्या करारात मी फक्त ‘देखरेख’ एवढंच लिहिलं होतं. ज्याच्या हातात बिल नाही त्याच्याकडे शेवटी आवाज उरतो, आणि त्या दिवशी मी तोच वापरला.

वहिनींना मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की दादांशी थेट बोला, गप्पा मारा, चहा पाजा, पण नवं काम माझ्यामार्फत. हे सांगताना क्लायंटना ‘तुमच्याच घरात तुम्ही बोलू नका’ असं ऐकू येतं, म्हणून मी टाळलं होतं. आता वाढीव कामाचा एक कोरा कागद पहिल्या दिवशीच स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवते, काम, दर आणि सहीचे रकाने आखून. बायका, आजोबा, सगळे त्यावर लिहितात. निम्म्या गोष्टी दर लिहिल्यावर आपोआप गळतात.

एका प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. नऊ दिवस मी टपरीवर जायला का थांबले? पहिल्या दिवशी गेले असते तर दादा बोलले असते का? ते म्हणतात, नाही, दोन-तीन दिवस तरी लागलेच असते. कदाचित. पण पाचव्या दिवशी गेले असते, तर चार दिवस नक्की वाचले असते.

गेल्या उन्हाळ्यात सिंहगड रोडला एक बाथरूम होतं. मी दादांना बोलावलं, फक्त मजुरीवर. मोजमापाची वही त्यांनीच आणली होती.